निवृत्त आघाडीपटूचे गुणांकन आणि इतिहासाची साधने : नेव्हिल डिसोझा यांच्या विशेष संदर्भात

प्रास्ताविक :
फुटबॉलच्या व्हिडिओ खेळांत खेळाडूची क्षमता अंकांत मांडली जाते. १९९३ साली सुरू झालेल्या व २०२३ पासून ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ या नावाने चालणाऱ्या ‘फिफा’ मालिकेत वेग, नेमबाजी, पास इत्यादी गुण ९९ पैकी दिले जातात. ‘फुटबॉल मॅनेजर’मध्ये ते १ ते २० असतात. ठाण्यातील बाळकुमसारख्या उपनगरी वस्तीतील विद्यार्थी या अंकांशी परिचित असतो. मात्र निवृत्त खेळाडूस असा अंक कोणत्या पुराव्यावर द्यावा, हा मूलतः इतिहासलेखनाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात मुंबईचे आघाडीपटू नेव्हिल डिसोझा यांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

उपलब्ध पुरावा :
टाटा व कॅल्टेक्स या मुंबईतील संघांकडून खेळलेल्या डिसोझा यांनी १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. भारताने तो सामना ४-२ असा जिंकला. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच होता. भारत मात्र १-४ असा पराभूत झाला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला ३-० असे हरविले. भारताच्या एकूण ५ गोलांपैकी ४ गोल डिसोझा यांचे होते व स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांत ते संयुक्तपणे अग्रस्थानी राहिले.

विवेचन :
वरील आकड्यांवरून ‘गोल साधण्याची क्षमता’ या गुणास उच्च अंक देणे समर्थनीय ठरते. तथापि हा निष्कर्ष केवळ ३ सामन्यांवर आधारित आहे व ऑलिंपिक फुटबॉल तेव्हा हौशी खेळाडूंपुरते मर्यादित होते. उलटपक्षी, १९५२ साली हेलसिंकी येथे याच युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा पराभव केला होता आणि त्या वेळी भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते, ही पार्श्वभूमी लक्षात घेता डिसोझा यांच्या गोलाचे मोल वाढते. दमाविषयी अंक देताना, त्या काळी भारतातील सामने सामान्यतः ७० मिनिटांचे व ऑलिंपिकचे ९० मिनिटांचे असत, हेही विचारात घ्यावे लागते. वेग वा डाव्या पायाचा वापर यांविषयी मात्र मोजमाप उपलब्ध नाही.

त्याच स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या सोव्हिएत संघाचे गोलरक्षक लेव याशिन यांना ‘फिफा १८’मधील दिग्गजांच्या यादीत स्थान मिळाले, डिसोझा त्या यादीत नव्हते. याशिन यांची थोरवी निर्विवाद आहे. परंतु त्यांची कारकीर्द विश्वचषकातून जगासमोर आली व चित्रफितींतून जतन झाली. मुंबईच्या कार्यालयीन संघांच्या फुटबॉलला ते भाग्य लाभले नाही. म्हणजेच अंक हा गुणवत्तेबरोबरच जतन झालेल्या पुराव्याचेही मोजमाप करतो.

निष्कर्ष :
खेळाच्या रचनेत रकाना रिकामा ठेवता येत नाही; इतिहासकाराने मात्र तो ठेवला पाहिजे. जेथे पुरावा आहे तेथे अंकांची कक्षा द्यावी, जेथे नाही तेथे मौन पाळावे. डिसोझा यांचे १९८० मध्ये निधन झाले. त्यांना खेळताना पाहिलेली पिढी आज वार्धक्यात आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी या पिढीच्या मुलाखती, जुन्या वृत्तपत्रांतील सामन्यांचे वृत्तान्त व संघांच्या नोंदी संकलित करणे हे तातडीचे कार्य होय.