अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवरचा इतिहास

होम थिएटरचा संच विकत घेणारा माणूस त्याचे तोंड पाहून तो पसंत करतो, आणि घरी आणल्यावर मात्र त्याची गाठ पाठीशी पडते. समोरच्या बाजूस एक मोठी चकती, दोनचार बटणे आणि निळसर आकडे एवढाच प्रपंच असतो. मागे मात्र तीसचाळीस भोके दाटीवाटीने बसलेली असतात. लाल, पांढरी, पिवळी, एखादे चौकोनी झडपेचे, काही चपटी, आणि स्पीकरच्या वायरी धरणाऱ्या स्क्रूंच्या जोड्या. हस्तलिखित पोथीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ही पाठ अगदीच अनोळखी वाटू नये. मूळ संहिता एका काळातली, तीवर नंतरच्या लेखकूंनी घातलेली भर दुसऱ्या काळातली, आणि कोणीही आधीचे पुसून टाकलेले नाही, असा तो प्रकार आहे. ही पाठ कोणी एकटाकी लिहिलेली नाही.

आमच्या विभागात साहित्यकृतींच्या चित्रपट-रूपांतराचा अभ्यास सुरू झाल्यापासून अशा एका संचाची गरज होती. ती पुरवण्यापुरते पैसे जमले तेव्हा तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने वायरींचा जो आकडा सांगितला, तो संचाच्या किमतीच्या चौथाईच्या घरात जाणारा होता. पदरी पैसे मोजके. म्हणून प्रश्न पडला की वायरीवर इतके खर्च करणे युक्त आहे काय? या प्रश्नाचा माग घेताना आम्ही थेट 1858 पर्यंत मागे गेलो.

त्या वर्षी 5 ऑगस्टला आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी पहिली तार अटलांटिकच्या तळाशी टाकून झाली. तीन हजार किलोमीटरांहून लांब अशी ती तार. राणी व्हिक्टोरियाचा अमेरिकेच्या अध्यक्षांना उद्देशून लिहिलेला 98 शब्दांचा संदेश तीमधून पलीकडे पोहोचण्यास सुमारे सोळा तास लागले. सप्टेंबरच्या आरंभी ती तार कायमची मुकी झाली. या अपयशाच्या मुळाशी दोन माणसांमधला एक वाद होता, आणि तो नेमका आमच्या दुकानातला वाद होता. तार जाड असावी की बारीक चालेल?

ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी 1854-55 मध्ये गणिताने दाखवून दिले होते की, पाण्याखालच्या लांब तारेत संकेत पसरट होत जातो आणि होणारा विलंब तारेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट तर विलंब चौपट. यावर उपाय म्हणजे तांबे जाड करणे आणि भोवतालचे गटापर्चाचे आवरणही जाड करणे. अर्थात खर्च वाढवणे. कंपनीचे विद्युत्प्रमुख वाइल्डमन व्हाइटहाउस हे व्यवसायाने शल्यवैद्य. त्यांनी स्वतःच्या प्रयोगांच्या आधारे 1856 मध्ये हा वर्गाचा नियम जाहीरपणे नाकारला. बारीक तार पुरते, असा त्यांचा दावा. भांडवलदारांना कोणता सिद्धान्त अधिक गोड वाटला असेल हे सांगावयास नको. पहिल्या तारेत सागरी मैलामागे 107 पौंड तांबे घातले गेले. संकेत क्षीण येऊ लागले तेव्हा व्हाइटहाउस यांनी प्रचंड वेटोळी वापरून सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. थॉमसन यांचा मार्ग याच्या उलट होता. दाब वाढवण्याऐवजी त्यांनी ऐकणारा कान तीक्ष्ण केला. इवलासा आरसा बसवलेले त्यांचे गॅल्व्हनोमीटर अतिशय क्षीण प्रवाहही प्रकाशाच्या ठिपक्याच्या हालचालीने दाखवीत असे.

सगळा दोष व्हाइटहाउस यांच्या माथी मारणे इतिहासास धरून होणार नाही. तार घाईने बनलेली होती आणि काही ठिकाणी तांबे आवरणाच्या मध्यभागी राहिलेच नव्हते. तथापि धडा घेतला गेला. सरकार आणि कंपनी यांच्या संयुक्त समितीने 1861 मध्ये सविस्तर अहवाल दिला. 1865 च्या तारेत सागरी मैलामागे 300 पौंड तांबे आले. आणि 1866 मध्ये अटलांटिकपार संपर्क टिकाऊ स्वरूपात सुरू झाला. तेच ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाज 1870 मध्ये मुंबईस आले आणि येथून एडनपर्यंत तार टाकीत गेले. मराठीत धातूचा तंतू आणि त्यातून आलेला निरोप या दोहोंनाही ‘तार’ असे एकच नाव आहे. त्यामुळे 2013 च्या जुलैमध्ये देशातील तारसेवा बंद झाली तेव्हा आपल्या भाषेत एका शब्दाचा अर्धा अर्थ निवृत्त झाला.

आता या इतिहासाचा आमच्या खोलीशी संबंध कोणता? थॉमसन यांचा नियम समुद्राला लागू होता तसा दहा मीटरच्या खोलीलाही लागू आहे, आणि म्हणूनच तो येथे निष्प्रभ ठरतो. लांबी लाखो पटींनी घटली की तिचा वर्ग हजारो कोटी पटींनी घटतो. स्पीकरच्या वायरीत संकेत पसरट होण्याची भीती उरत नाही. उरतो तो साधा रोध. तो मोजता येतो. अ‍ॅम्प्लिफायरपासून मागच्या स्पीकरपर्यंत दहा मीटर वायर धरली तर जाऊन-येऊन वीस मीटर तांबे होते. अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या बारीक वायरीत त्याचा रोध सुमारे 0.69 ओहम, तर दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीत सुमारे 0.23 ओहम. वायरीचा रोध स्पीकरच्या रोधाच्या पाच टक्क्यांच्या आत असावा असा व्यवहारातला ठोकताळा आहे. सहा ओहमच्या स्पीकरला तो 0.3 ओहम येतो. म्हणजे दीड एमएमची वायर पुरते, अर्ध्या एमएमची पुरत नाही, आणि अंगठ्याएवढ्या जाडीच्या, रेशमी वेष्टनाच्या वायरीने जे साधते ते कानापेक्षा डोळ्यालाच अधिक जाणवते. 1970 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेतही लोक टेबललॅम्पची साधी वायर स्पीकरला लावीत असत. स्पीकरसाठी वेगळी, महाग वायर ही कल्पना आणि तिची बाजारपेठ त्यानंतरची.

येथे व्हाइटहाउस बरोबर आणि थॉमसन चूक, असा निष्कर्ष कोणी काढू नये. मोजून ठरवावे, हाच थॉमसन यांचा आग्रह होता. त्यांनीच 1857 मध्ये निरनिराळ्या कारखान्यांचे तांबे तपासून दाखवले की, दिसायला सारख्या तांब्याच्या वाहकतेतही मोठा फरक असतो. आजच्या बाजारात तो फरक वेगळ्या रूपाने भेटतो. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी वायर तांब्याची म्हणून सर्रास पुढे केली जाते. टोकाशी ब्लेडने खरवडावे. आत पांढरे दिसले तर रोध दीडपटीहून अधिक आहे असे समजावे. वायरीच्या एका पदरावरची लाल रेघ सर्व स्पीकरांना एकाच बाजूस लावावी एवढे पथ्य पाळले की हे प्रकरण संपते. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर दोन पडदे एकमेकांविरुद्ध हलतात आणि मृदंगाचा धुमा नाहीसा होतो.

आता बाकीची भोके. त्यातले वयाने सर्वांत वडील म्हणजे हेडफोनचे, पाव इंची व्यासाचे. 1878 पासून टेलिफोनच्या स्विचबोर्डवर एकाची वायर दुसऱ्याला जोडून देण्यासाठी अशा पिना वापरात आल्या. दिवसातून शेकडो वेळा खुपसायची आणि उपसायची वस्तू म्हणून तिची ठेवण दणकट राहिली. लाल-पांढऱ्या सॉकेटांचे कुळ वेगळे. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने ती 1930 च्या दशकात रेडिओ-ग्रामोफोनच्या पेटीच्या आत, कारखान्यातच एकदा जोडून विसरून जाण्यासाठी काढली. म्हणून ती स्वस्त होती, आणि म्हणूनच तिच्यात एक व्यंग राहून गेले. पिन घालताना मधली संकेताची सळई आधी टेकते आणि बाहेरचे भूमीचे कडे मागाहून. त्या क्षणात जो घुर्रर्र आवाज होतो तो स्पीकरला चांगला नव्हे. अ‍ॅम्प्लिफायर बंद करूनच ही पिन काढावी-घालावी. कारखान्याच्या आत राहण्यासाठी जन्मलेली वस्तू जगभरच्या दिवाणखान्यांत पोहोचली, याचे कारण तिची स्वस्ताई याहून दुसरे आम्हांला दिसत नाही.

पिवळे सॉकेट मात्र आमच्या मते या सर्वांत विचार करण्याजोगे आहे. अमेरिकेने डिसेंबर 1953 मध्ये रंगीत दूरचित्रवाणीची जी पद्धत मान्य केली, तिची अट अशी होती की घरोघरच्या कृष्णधवल संचांवर तेच प्रक्षेपण दिसले पाहिजे. त्यासाठी रंगाची माहिती प्रकाशाच्या माहितीच्या फटींत विणून घालण्यात आली. जुन्या संचाला रंग वाचता येत नव्हता, तो त्याकडे दुर्लक्ष करीत असे. नवा संच दोन्ही वाचत असे. आपल्याकडे 1982 च्या आशियाई खेळांच्या वेळी रंग आला तो ‘पाल’ या वेगळ्या पद्धतीने, पण तत्त्व हेच. पिवळ्या वायरीतून जाते ते हे विणलेले वस्त्र. ते पुन्हा उसवताना धागे अडकतात. बारीक रेघांच्या साडीवर किंवा चौकड्याच्या कोटावर खोटे रंग तरळतात ते यामुळे. पुढे एस-व्हिडिओने (1987) प्रकाश आणि रंग वेगळ्या तारांतून नेले, कॉम्पोनंटच्या तीन पिनांनी रंगाचेही दोन भाग केले. पहिल्या पिढीच्या अडचणीपोटी जे एकत्र बांधले होते ते पुढच्या पिढ्या सोडवत राहिल्या.

झडपेच्या आत लाल प्रकाश दिसतो ते सॉकेट तोशिबा कंपनीने 1983 मध्ये सीडी प्लेअरसाठी आणले. त्यात तांबे नाहीच, प्लॅस्टिकचा प्रकाशतंतू आहे. त्यामुळे दोन यंत्रांच्या अर्थिंगमुळे येणारी गुणगुण त्यातून येत नाही. तो तीव्र कोनात वाकवू नये, इतकेच.

आणि शेवटी चपटे एचडीएमआय. डिसेंबर 2002 मध्ये सात कंपन्यांनी मिळून त्याचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. त्या सातांत ‘थॉमसन’ हे नाव आढळते. परंतु ती फ्रेंच कंपनी, आणि तिचे नाव एलिह्यू थॉमसन यांच्यावरून आलेले. केल्व्हिनसाहेबांचा तेथे संबंध नाही. एकोणीस तारांच्या या एकाच वायरीने चित्र आणि सर्व दिशांचा ध्वनी एकत्र नेला, आणि 2009 पासून टीव्हीचा आवाज त्याच वायरीने अ‍ॅम्प्लिफायरकडे उलट येऊ लागला. त्यासाठी टीव्हीवर ‘एआरसी’ लिहिलेलेच सॉकेट निवडावे लागते. यातून आकडे जातात. वायर धड असेल तर चित्र संपूर्ण येते, नसेल तर ठिपके लुकलुकतात किंवा पडदा काळा होतो. महाग वायरीने त्याच चित्राचा लाल रंग अधिक लाल होत नाही. दोन-तीन मीटरला प्रमाणित साधी वायर घ्यावी, लांबी वाढली तरच खिसा सैल करावा.

परंतु एचडीएमआयमुळे या पाठीवर एक वेगळी गोष्ट घडली, आणि ती जाडीच्या वादापेक्षा गंभीर आहे. पाठीवरच्या बाकीच्या वायरी हमालासारख्या होत्या. डोक्यावर काय आहे हे त्या विचारीत नसत. या वायरीतून चित्र सुटण्यापूर्वी प्लेअर आणि टीव्ही एकमेकांस सांकेतिक खूण विचारतात. एचडीसीपी हे तिचे नाव. खूण पटली नाही तर संरक्षित चित्रपटाचे पूर्ण चित्र मिळत नाही. ब्लू-रेच्या परवान्यातील अटीनुसार 2013 नंतर बनलेल्या प्लेअरांतून संरक्षित चित्र पिवळ्या वा तत्सम अ‍ॅनालॉग वाटेने बाहेर पडणेच बंद झाले. 1953 च्या पद्धतीने जुन्या संचाची काळजी वाहिली होती. नव्या पद्धतीत ती काळजी नाही.

साहित्याच्या विभागाला हे जाचते, कारण आमच्या कपाटात व्हीएचएस कॅसेटी आहेत. महाविद्यालयात होऊन गेलेली लेखकांची भाषणे, विद्यार्थ्यांनी बसवलेल्या एकांकिका, आज हयात नसलेल्या प्राध्यापकांचे निरोपसमारंभ. या कॅसेटींची दुसरी प्रत नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या अखेरच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, 2016 च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले. जो व्हीसीआर हाती आहे त्याला बोलता येते ते पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनेतूनच. आणि आज मिळणाऱ्या पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायरांवर पिवळे सॉकेट उरलेले नाही. ज्यांवर आहे त्यांतही काही अ‍ॅम्प्लिफायर ते चित्र एचडीएमआयवर बदलून देतात, काही देत नाहीत. दुकानात विचारण्याचा पहिला प्रश्न आम्ही हाच ठरवला. त्या एका सॉकेटसाठी मागील वर्षीचे मॉडेल घेतले, वायरी दीड एमएमच्या साध्या घेतल्या, आणि त्यातून वाचलेल्या पैशांत कॅसेटींवरचे चित्रण संगणकात उतरवणारे छोटे यंत्र आले. हे उतरवणे कॅसेट जितका वेळ चालते तितकाच वेळ घेते. आतापर्यंत अकरा कॅसेटी झाल्या आहेत. तिसऱ्या कॅसेटीवर शेवटची वीस मिनिटे फक्त आवाज आहे.