अफूवांचून वेदनाशमन

शस्त्रक्रियेचा इतिहास लिहिणारे १६ ऑक्टोबर १८४६ या दिवसाचें मोठें कौतुक करितात. त्या दिवशीं बोस्टन येथें ईथरच्या भुलीखालीं रोग्यावर जाहीरपणें शस्त्र चाललें. परंतु भूल उतरल्यावर रोग्याचें काय होतें, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या रात्रीच्या वेदनेवर बहुत काळ मुख्य आधार अफूचा व तिच्या मॉर्फिन या सत्त्वाचाच होता. अफू जखम शांत करीत नाहीं; वेदनेची वार्ता ऐकणाऱ्या मेंदूसच ती गुंगविते, श्वास मंद करिते, आणि कित्येकांस आपले दास करून सोडिते.

ही वार्ता वाटेंतच अडवितां येते, हें १८८४ सालीं दिसून आलें. व्हिएन्नाचे कार्ल कोलर यांनीं कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर केला. लवकरच न्यूयॉर्क येथें विल्यम हॉल्स्टेड व त्यांचे सहकारी यांनीं तेंच द्रव्य ज्ञानतंतूजवळ टोंचून, त्या तंतूचा सारा प्रदेश बधिर करून दाखविला. पण स्वतःच्या देहावर प्रयोग करितां करितां हॉल्स्टेड कोकेनच्या आहारीं गेले, व तें सोडविण्याच्या खटपटींत त्यांस मॉर्फिन जडलें. पुढें जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे नामांकित शस्त्रवैद्य झाल्यावरहि तो पाश सुटला नव्हता, हें त्यांचे सहकारी ऑस्लर यांच्या १९६९ सालीं उघड झालेल्या टिपणावरून जगास कळलें. अफू टाळण्याची वाट दाखविणाराच अफूचा बंदिवान व्हावा, हा केवढा दैवदुर्विलास!

दोष मात्र वाटेचा नव्हता, द्रव्याचा होता. १९०५ च्या सुमारास प्रोकेन प्रचारांत आलें, १९४३ सालीं स्वीडनमध्यें लिडोकेन सिद्ध झालें, आणि १९५७ सालीं ब्युपिव्हॅकेन. या शेवटच्या द्रव्याचा अंमल कित्येक तास टिकत असल्यामुळें शस्त्रक्रियेनंतरची वेदनाहि त्यानें आटोक्यांत येऊं लागली. त्याच्या जोडीस पॅरासिटामॉलसारखीं साधीं औषधें दिलीं म्हणजे अफूची गरज पुष्कळच कमी होते. जानेवारी २०२५ मध्यें अमेरिकेंत सुझेट्रिजिन या गोळीस मान्यता मिळाली. वेदना वाहणाऱ्या तंतूंतील सोडियमचें एक विशिष्ट द्वार ती बंद करिते. चाचण्यांत मात्र ती अफूवर्गीय औषधाच्या मिश्रणाहून सरस ठरली नाहीं.

म्हणून नव्या औषधाचा जयघोष करण्याची घाई आम्हांस नको वाटते. कोकेनहि एके काळीं निर्दोष वरदान म्हणूनच आलें होतें. औषध अफूचें नाहीं एवढ्यानें तें निरुपद्रवी ठरत नाहीं. वेदना गेल्यावर माणूस आपल्या स्वाधीन राहतो कीं नाहीं, हीच त्याची खरी कसोटी होय.