इनामगावची भिंत: तट की बांध?

मंडळी, रानात जुनी भिंत दिसली की आपल्या तोंडी पहिला शब्द येतो 'किल्ला'. पण शिवकाळाच्या अडीच-तीन हजार वर्षं आधीच्या भिंतीला काय म्हणायचं?

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. ही घोड भीमेला मिळते आणि भीमा आपल्या इंदापूरच्या कडेने उजनीत येते. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० असं नऊशे वर्षं नांदलेलं शेतकऱ्यांचं गाव निघालं. शंभरावर घरं, धान्याची कोठारं, घराच्या जमिनीतच पुरलेली माणसं. आणि गावाच्या कडेला दगड-मातीची लांब भिंत, सोबत सुमारे चार मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल चर.

हे कशासाठी? तट म्हणालात तर शत्रू आला, लढाई आली. बांध म्हणालात तर पूर आला, पाणी आलं. ढवळीकरांनी चराचा संबंध सिंचनाशी जोडला: पुराचं पाणी वळवायचं आणि पिकाला द्यायचं. इंग्लंडातही विंडमिल हिल नावाच्या टेकडीवर साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे गोल चर आहेत. जत्रा, गुरं की धर्मविधी, यावर तिथेही वाद आहेच.

मला पाण्याचं कारण जास्त पटतं. नीरा डाव्या कालव्याच्या पाळीवरून होणारी भांडणं बघितलेल्या माणसाला ते पटणारच! पण तट असो की बांध, लोखंडी पहार नसताना एवढा चर खोदणं एका घराचं काम नव्हे. अख्खं गाव राबलं असणार.

आता आपल्या दारातलं. बारामती तालुक्यात कऱ्हा-नीरेच्या संगमावर सोनगावलाही डेक्कन कॉलेजने १९६० च्या दशकात उत्खनन केलं आणि त्याच काळातली वस्ती सापडली. नदीकाठची अशी पांढरीची टेकाडं आपण ट्रॉल्या भरभरून शेतात नेऊन टाकतो. पण भिंतीला पुराचा गाळ लागलाय की जळक्या राखेचा थर, हे मातीचे थर जागेवर असले तरच कळतं. जेसीबीचं एक बकेट फिरलं की पुरावा संपला. मग तट की बांध, कुणीच सांगू शकणार नाही.

तेव्हा रानात रंगीत नक्षीची खापरं दिसली तर उचलू नका. जागेवरच फोटो काढा, तलाठ्याला सांगा, डेक्कन कॉलेजला कळवा. आणि तुमच्या गावात असं टेकाड असेल तर त्याला काय म्हणतात, ते खाली नक्की लिहा.