लाखाची मोटार आणि ग्रामीण कुटुंब : टाटा नॅनोच्या गुणदोषांची ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना :

स्वातंत्र्योत्तर भारतात मोटारगाडी ही दीर्घकाळ चैनीची वस्तू मानली गेली. सामान्य माणसास परवडेल अशी छोटी मोटार देशातच तयार व्हावी, असा विचार १९६० मध्ये एल. के. झा समितीने शासनापुढे मांडला होता. तथापि १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर येईपर्यंत तो बहुतांशी कागदावरच राहिला. महाराष्ट्रात कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची पद्मिनी होती. परंतु ती पदरात पडण्यास पैशाइतकाच धीरही लागे. याच काळात इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या हिमतीवर 'मीरा' नावाची छोटी मोटार घडविली आणि तिचे एकामागून एक नमुने तयार केले. इंजिन मागे बसविण्याची कल्पना त्यांच्या गाडीत होती. परंतु मीरा कारखान्यातील उत्पादनापर्यंत कधीच पोहोचली नाही. स्वस्त मोटारीचे स्वप्न महाराष्ट्राला नवे नव्हते, हे ध्यानात घेऊनच टाटा नॅनोकडे पाहणे इष्ट ठरते.

नॅनोच्या अपयशाची मीमांसा करताना सिंगूरचे भूसंपादन, गाड्यांना लागलेल्या आगी आणि सदोष जाहिरात ही कारणे सांगितली जातात. ती खरी आहेत. परंतु हिंगोलीसारख्या जिल्ह्यातून पाहिले असता ती अपुरी वाटतात. नॅनोची तुलना सर्वांनी दुचाकीशी केली. ग्रामीण कुटुंबाने मात्र ती वेगळ्याच वाहनाशी केली, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

नॅनोची जडणघडण :

दुचाकीवर पती, पत्नी आणि दोन मुले असे चौघे पावसात निघालेले पाहून रतन टाटा यांना या गाडीची कल्पना सुचली, ही हकिगत सर्वश्रुत आहे. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांच्या चमूने तिला मूर्त रूप दिले आणि १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ती जगापुढे आली. सिंगूर येथील आंदोलनामुळे ३ ऑक्टोबर २००८ रोजी कंपनीने पश्चिम बंगालमधून माघार जाहीर केली आणि कारखाना गुजरातमधील सानंद येथे गेला. तो जून २०१० मध्ये सुरू झाला. तोवर उत्पादन उत्तराखंडातील पंतनगर येथे मर्यादित प्रमाणात चालले. दरम्यान एप्रिल २००९ मध्ये अवघ्या पंधरवड्यात दोन लाखांहून अधिक मागण्या नोंदविल्या गेल्या आणि पहिल्या एक लाख ग्राहकांची निवड सोडत काढून करावी लागली. मोटारीसाठी सोडत निघावी, ही घटना या देशातील सुप्त मागणीची साक्ष देते.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. सामान्यतः आधी गाडी तयार होते व मग तिची किंमत ठरते. नॅनोच्या बाबतीत एक लाख रुपये हा आकडा आधी ठरला आणि गाडी त्यात बसविण्यात आली. तिचे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष या एकाच निर्णयातून जन्मले.

गुणांचा विचार :

अभियांत्रिकीच्या दृष्टीने नॅनो ही सामान्य कामगिरी नव्हती. ६२४ घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरचे इंजिन मागील आसनाखाली बसविल्यामुळे पुढील जागा मोकळी झाली. बाहेरून मारुती ८०० पेक्षा ८ टक्के लहान असूनही आतून ती २१ टक्के प्रशस्त असल्याचे कंपनीने सांगितले होते. आणि आत बसलेल्या उंच माणसास या दाव्याविषयी शंका घेण्याचे कारण उरत नसे. सुमारे ३.१ मीटर लांबीची ही गाडी चार मीटर त्रिज्येत वळत असे. जमिनीपासून तिची उंची १८० मिलिमीटर होती, ही बाब आपल्याकडील रस्ते पाहता मोलाची ठरते. इंधनाचा प्रमाणित वापर लिटरला २३.६ किलोमीटर इतका होता. काटकसर तर थक्क करणारी होती : एकच वायपर, प्रत्येक चाकास तीनच नट आणि साध्या प्रकारात बाहेरचा एकच आरसा.

दोषांचा विचार :

मागील सामानकप्प्यास बाहेरून उघडणारे दारच नव्हते. सामान आसन वाकवून आतूनच ठेवावे लागे. पेट्रोल भरण्यासाठी पुढचे झाकण उघडावे लागे आणि टाकी अवघी १५ लिटरची होती. साध्या प्रकारात वातानुकूलन नव्हते. मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत याचा अर्थ काय होतो, हे वाचकांस सांगणे नको.

सर्वांत गंभीर दोष सुरक्षिततेचा होता. जानेवारी २०१४ मध्ये जाहीर झालेल्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत नॅनोस प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी एकही तारा मिळाला नाही. त्याच चाचणीत एअरबॅग नसलेल्या इतर चार लोकप्रिय छोट्या गाड्यांचीही तीच गत झाली, हे न्यायाच्या दृष्टीने नोंदविले पाहिजे. शिवाय जिची जागा नॅनो घेणार होती, त्या दुचाकीवर चौघांना कोणते संरक्षण होते, हा प्रश्नही उरतोच. मात्र हे उत्तर दुचाकीस्वाराच्या कुटुंबापुरतेच पुरेसे आहे. मोटार म्हणून विकली जाणारी वस्तू मोटारीच्याच कसोटीवर तपासली जाणार.

हिंगोलीतून पाहताना :

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा प्रामुख्याने शेतीप्रधान आहे. वसमत आणि हिंगोलीच्या हळद बाजारात हंगामात जी वाहने उभी दिसतात, त्यांत 'छोटा हत्ती' या नावाने ओळखली जाणारी टाटा एस विशेष लक्ष वेधते. २००५ मध्ये बाजारात आलेले हे वाहनही गिरीश वाघ यांच्याच चमूची निर्मिती. त्याचेही इंजिन दोन सिलिंडरचे. मात्र ते डिझेलवर चालणारे आणि पाऊण टन माल वाहणारे. किंमत सुमारे सव्वादोन लाख, म्हणजे नॅनोच्या घोषित किमतीच्या दुपटीहून अधिक. तरीही शेतकऱ्याच्या मुलाने कर्ज काढले ते छोट्या हत्तीसाठी. कारण उघड आहे. छोटा हत्ती स्वतःचा हप्ता स्वतः फेडतो. नॅनोचा हप्ता घरातून भरावा लागतो.

ज्या कुटुंबाचे उत्पन्न पावसावर आणि हळद-सोयाबीनच्या भावावर अवलंबून आहे, त्याला लाख रुपयांची न कमावणारी वस्तू स्वस्त वाटत नाही. त्याची प्रवासाची गरज एस. टी. व काळी-पिवळी जीप भागवीत होती आणि शेतावर जाण्यास मोटारसायकल पुरेशी होती. चौघे दुचाकीवर बसतात ते केवळ मोटार परवडत नाही म्हणून नव्हे. असा प्रवास वर्षातून किती वेळा घडतो, याचाही हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब मुंबईच्या पावसात दिसणे कठीण होते.

नॅनो घेऊ शकणारा वर्ग येथे होता, नाही असे नाही. तो आपल्यासारख्या पगारदारांचा. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती घेतली आणि वसमत-हिंगोली मार्गावर वर्षानुवर्षे समाधानाने चालविली. परंतु प्रत्येक लग्नसमारंभात सोयरे त्यांना एकच प्रश्न विचारीत, "सर, मोठी गाडी कधी घेताय?" गाडीत खोट नव्हती, बसणाऱ्याच्या प्रतिष्ठेत ती शोधली जात होती. 'सर्वांत स्वस्त' ही ओळख गाडीस मारक ठरल्याचे पुढे रतन टाटा यांनीही मान्य केले.

२०११-१२ या वर्षात सुमारे ७४ हजार गाड्या विकल्या गेल्या. हाच विक्रीचा उच्चांक होता आणि तोही कारखान्याच्या अडीच लाखांच्या वार्षिक क्षमतेच्या एक तृतीयांशाहून कमी. २०१५ च्या सुधारित नॅनोस अखेर बाहेरून उघडणारे मागचे दार आणि २४ लिटरची टाकी मिळाली. काही प्रकारांत क्लचविरहित गिअरही आले. दोष दूर झाले, पण लाखाची किंमतही मागे पडली. जून २०१८ मध्ये अवघी एक नॅनो तयार झाली.