लढाईची लय

आश्विनातल्या एखाद्या रात्री तुळजापुरास गेलेल्या माणसाला संबळाची ओळख करून द्यावी लागत नाही. बालाघाटाच्या डोंगरात वसलेल्या त्या गावी देवळाच्या पायऱ्या उतरू लागावे, तो तो आवाज कानी पडतोच. प्रथम वाटते, नुसता गलबला चालला आहे. थोडे थांबून ऐकले म्हणजे ध्यानात येते, की वाजविणारा मुळीच घाईत नाही. तो एक लय धरून बसला आहे, ऐकणाऱ्याला तीत मुरवीत आहे, आणि ती कोठे मोडायची हे त्याला पक्के ठाऊक आहे.

चित्रपटात तलवारीला तलवार भिडते, घोडी उधळतात, पाठलाग होतो, तेव्हा मागे वाजणाऱ्या संगीताची लय कशी बदलावी, हा आजच्या भाषणाचा विषय. तो सोडून वक्ता देवळात का शिरला, अशी शंका कोणास आल्यास नवल नाही. ही विद्या बोलपटाबरोबर परदेशातून आली, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ आहे. मोठे वाद्यवृंद आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रे तिकडून आली, यात संशय नाही. परंतु युद्धाची कथा ऐकणाऱ्याचा श्वास कोठे रोखायचा आणि कोठे सोडायचा, ह्याचा हिशेब मराठी मुलखात गोंधळ्यांनी व शाहिरांनी बोलपटाच्या कित्येक पिढ्या आधी बसविला होता. त्या हिशेबाचे एक मोठे पीठ धाराशिव जिल्ह्यात आहे.

गोंधळाची मांडणी बहुतेकांनी घरच्या लग्नकार्यात पाहिलेली असते. पाटावर धान्याची रास, तीवर कलश, शेजारी पेटती दिवटी. गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई अशा दोन शाखा. पहिली तुळजाभवानीची, दुसरी माहूरच्या रेणुकेची. संबळ ही वेगवेगळ्या नादाची, एकत्र जोडलेली दोन वाद्ये. ती कमरेला बांधून काठ्यांनी वाजवितात. जोडीला तुणतुणे आणि झांज. आरंभी गावोगावच्या देवतांना नावे घेऊन बोलावणे होते, आणि ते संथ असते. देवता पुष्कळ, गावे पुष्कळ, रात्र मोठी, घाई कशाची? पुढे आख्यान लागते. नायक कथा सांगू लागला म्हणजे संबळ मागे सरतो, कित्येकदा अगदी थांबतो. साथीदार मध्येच एखादा भाबडा प्रश्न विचारतो, श्रोते हसतात, आणि त्या हसण्याच्या पाठीवर काठी पडते. ज्या ठिकाणी कथेत दैत्य उभा राहतो, तेथे लय एकदम चढत नाही. आधी ती जड होते. मग दुप्पट होते. शेवटी आरतीच्या वेळी दिवट्या नाचू लागतात, तेव्हा तिला आवर उरत नाही.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण पुढे चित्रपटात तोच कामास येतो. वेग वाढविण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत मूळ मात्रेचे अंतर तेवढेच राहते आणि त्याच अंतरात दोन, चार, आठ आघात बसविले जातात. आपले तबलजी तिला दुगुन, चौगुन म्हणतात. दुसरीत मात्राच जवळ जवळ येऊ लागते, म्हणजे खुद्द लय चढते. पहिलीने चलबिचल होते, पण पायाखालची जमीन स्थिर असते. दुसरीने जमीनच सरकू लागते. कसलेला वादक पहिलीचा सढळ हाताने उपयोग करतो, आणि दुसरी राखून ठेवतो.

आता इतिहासाकडे वळू. 1659 साली विजापुराहून निघालेला अफझलखान तुळजापुरावरून गेला आणि त्याने भवानीची मूर्ती फोडली, असे सभासदाची बखर सांगते. त्या हकिकतीविषयी इतिहासकारांत एकमत नाही. त्या वादात आज शिरत नाही. त्याच वर्षी 10 नोव्हेंबर रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले, त्यावर अगिनदासाने, म्हणजे ज्याला अज्ञानदासही म्हणतात त्याने, पोवाडा रचला. हाती असलेल्या पोवाड्यांतला हा अत्यंत जुना. हॅरी अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांनी 1891 साली छापलेल्या संग्रहामुळे असे पोवाडे वाचकांच्या हाती पडले. पोवाडे गाणारी आरंभीची मंडळी पुष्कळशी गोंधळीच होती, असे अभ्यासक मानतात, आणि पोवाड्याची ठेवण पाहता ते पटते.

तो पोवाडा चित्रपटाचा संगीतकार होऊन वाचावा. वध हा त्याचा विषय. पण प्रत्यक्ष वधाला जागा किती दिली आहे? फारच थोडी. खानाची कूच होते, मुक्काम पडतात, इकडे तयारी चालते. आणि ज्या सदरेत भेट व्हायची, तिच्या सजावटीचे वर्णन शाहीर इतके सावकाश करतो, की आजचा वाचक कंटाळावा. वाचणारा कंटाळतो, कारण तो नुसते शब्द वाचतो. डफ, तुणतुणे आणि झीलकऱ्यांचा पालुपदाचा सूर ह्यांच्यासह ऐकले तर तोच भाग काळीज कुरतडणारा होतो. दोघे एका छताखाली येणार हे प्रत्येक श्रोत्याला ठाऊक आहे, आणि शाहीर झालरी मोजीत बसला आहे! मग भेट होते, आणि दोन श्वासांत सगळे संपते. लढाईचे संगीत लढाईच्या आधीच लिहावे लागते, हा धडा ह्याहून स्वच्छ कोठे मिळणार?

ह्या प्रदेशाची सांगीतिक पुण्याई एवढ्यावर संपत नाही. ह्याच जिल्ह्यातील नळदुर्गाचा पाणीमहाल ज्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत 1613 साली बांधला गेला, तो सुलतान स्वतः गायक आणि ‘किताबे नौरस’चा कर्ता होता. बोरी नदीचे पाणी धरणाच्या भिंतीवरून कोसळते तेव्हा आतल्या महालात बसून ते ऐकावे, ही कल्पना लयीचा कान असलेल्या दरबारालाच सुचावी. असो, हे विषयांतर झाले.

तुळजापूरच्या गोंधळ्यांनी कोल्हापुरास जाऊन चित्रपट शिकविला, असे मी म्हणत नाही. 1948 सालच्या सप्टेंबरापर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, आणि मराठी चित्रपट वाढला तो कोल्हापूर, पुणे व मुंबई येथे. पण कोल्हापूरही साडेतीन पीठांपैकी एक. अंबाबाईच्या त्या शहरात गोंधळ, पोवाडा आणि हलगी हे सर्व गल्लीबोळांत ऐकू येत होते, आणि बाबूराव पेंटरांनी 1923 साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला तो अशाच कानांच्या प्रेक्षकांसाठी.

मूकपटाला आवाज नव्हता, तरी चित्रपटगृह मुके नसे. पडद्यापुढे पेटीवाला आणि तबलजी बसत. त्यांच्यापुढे स्वरलिपी नसे. डोळे पडद्यावर आणि हात वाद्यावर. जेथे यंत्र हाताने फिरवीत, तेथे चालकही मारामारी आली म्हणजे हात जलद फिरवी, आणि बिचाऱ्या तबलजीला पडद्याबरोबर धावावे लागे. ह्यात ओबडधोबडपणा होता. पण चित्र, वादक आणि प्रेक्षक ही तिन्ही एका लयीत श्वास घेत, हे सुख पुढे कधीच परत आले नाही.

बोलपटाने लय बांधून टाकली. ‘प्रभात’चा बोलका ‘सिंहगड’ 1933 सालचा. त्या काळी वादक चित्रणाच्या जागीच आडोशाला बसत, आणि अभिनय व संगीत एकाच वेळी मुद्रित होई. पुढे संगीताचे मुद्रण निराळे होऊ लागले, तेव्हा हिशेब बदलला. बोलपटात दर सेकंदाला 24 चित्रे सरकतात. मिनिटाला 60 मात्रांची लय धरली, तर एका मात्रेत 24 चित्रे बसतात. 120 ची धरली तर 12. 160 ची धरली तर 9. तलवार उगारल्यापासून खाली येईपर्यंत 36 चित्रे जात असतील, तर 120 च्या लयीत तो वार बरोबर तीन मात्रांचा झाला. संगीतकाराने मोजून मागे जावे आणि वाराच्या जागी सम आणावी. गणित सोपे आहे. अवघड आहे ते निराळेच: प्रत्येक वाराला सम दिली तर लढाईचा फार्स होतो. तमाशात सोंगाड्या पडला की ढोलकीवर थाप पडते, आणि लोक हसतात. तीच गोष्ट तानाजीच्या अंगावर वार पडताना झाली तर? म्हणून जाणता संगीतकार दहांतले नऊ वार समेवाचून जाऊ देतो. दहाव्याला तिहाई बांधतो.

परदेशातल्या थोरांनीही हेच केलेले आढळते. 1938 सालच्या ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ ह्या रशियन चित्रपटात 1242 च्या, गोठलेल्या सरोवरावरील लढाईचा प्रसंग आहे. दिग्दर्शक आयझेनस्टाइन, संगीतकार प्रोकोफिएव्ह. काही भागांत संगीत आधी झाले आणि चित्रे त्यावर जुळविली गेली, काही भागांत उलट. शत्रू अजून दूर आहे, बर्फ निश्चल आहे, आणि संगीत जवळजवळ जागीच उभे आहे. तेथून ते टापांच्या ठोक्यावर उठते. अगिनदासाची सदर आणि हे बर्फ, कारागिरी एकच. होनेगर नावाच्या संगीतकाराने तर 1923 साली आगगाडीच्या इंजिनावर रचना करताना आघात दाट करीत नेले आणि त्याच वेळी मूळ लय मंद करीत आणली; ऐकणाऱ्याला मात्र वेग वाढल्याचाच भास होतो. आमच्या दुगुन-चौगुनीचे मर्म ह्या गृहस्थाला आपल्या वाटेने गवसले होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 1975 च्या ‘शोले’तील. डाकू बसंतीच्या टांग्याचा पाठलाग करतात, त्या प्रसंगी राहुल देव बर्मन ह्यांनी मोठ्या वाद्यवृंदाऐवजी मुख्यतः तबल्यावर भिस्त ठेवली, आणि तो वाजविला बनारसचे पंडित सामताप्रसाद ह्यांनी. डोळे मिटून तो भाग ऐकावा. टापा आणि चाके सारखी धावत आहेत. तबला मात्र कधी त्यांच्या पुढे जातो, कधी त्यांना पुढे जाऊ देतो. वेगाची जाणीव उपजते ती त्या अंतरातून.

शांततेचा प्रयोगही आपल्याकडे जुना आहे. ‘प्रभात’च्या 1937 सालच्या ‘कुंकू’ला केशवराव भोळ्यांनी पार्श्वसंगीत असे दिलेच नाही, भोवतालचे नैसर्गिक आवाज तेवढे ठेवले. त्यात लढाई नव्हती, पण लयीला विराम देण्याचे धैर्य त्यातून शिकण्यासारखे होते. 2016 साली ‘सैराट’च्या शेवटी नागराज मंजुळे ह्यांनी तेच धैर्य दाखविले. ज्या चित्रपटाची गाणी हलगी-ताशाने गावोगाव नाचविली गेली, त्याचा घातक शेवट नि:शब्द आहे. लहान मूल रक्तात पाऊल टाकून बाहेर येते आणि कोणतेही वाद्य त्याला सोबत करीत नाही. ज्याने द्रुत ऐकविली आहे, त्यालाच असे थांबणे साधते.

आता तक्रारीचा एक शब्द. अलीकडे ऐतिहासिक चित्रपटांची लाट आली आहे, आणि मराठी माणसाने तिचे स्वागतच करावे. पण त्यांपैकी बहुतेकांतील लढाया आरंभापासून अंतापर्यंत एकाच द्रुत लयीत धावतात. मुद्रणाच्या वेळी वादकांच्या कानांत यंत्राचा ठेका सोडलेला असतो. तो सुईच्या टोकाएवढाही सरकत नाही. एखादा गोंधळी बोलावला जातो, चार आवर्तने वाजवून घेतली जातात, आणि तीच जेथे पाहिजे तेथे चिकटविली जातात. संबळाचा नाद चित्रपटात आला. आघातापूर्वी क्षणभर अडण्याची त्याची विद्या दाराबाहेर उभी राहिली. ती कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नाही. बापाच्या मागे तुणतुणे धरून रात्रभर उभे राहणाऱ्या मुलाला ती मिळते, आणि रात्रभराचे गोंधळ आता तासा-दोन तासांवर आले आहेत. आख्यानच आखडले, तर लय चढवायला चढण कोठून उरणार? यंत्राचा मला राग नाही. त्याला लय चढती-उतरती करून देता येते, आणि काही तरुण संगीतकार तसे करतातही. निदान एक रात्र तुळजापुरात बसून मग तो आलेख काढावा, एवढेच त्यांना सांगणे.

गेलात, तर तेथल्या उत्सवाचा क्रमही पाहून या. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. भाद्रपद वद्य अष्टमीपासून देवी पलंगावर निद्रा घेते. घटस्थापनेला ती सिंहासनावर येते आणि नऊ दिवस दैत्याशी युद्ध चालते, असा भाव. दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघन होते. संबळ, हलगी आणि गर्दीचा गजर ह्यांचा त्या वेळी एकच कल्लोळ होतो. त्यानंतर मूर्ती पुन्हा पलंगावर नेतात. हिला श्रमनिद्रा म्हणतात. लढून थकलेली देवी पौर्णिमेपर्यंत निजून असते, आणि सिंहासन तितके दिवस रिकामे राहते.