दुसरे आसन

युद्ध संपले की माणसे घरी परततात. शस्त्रांना मात्र घर नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो लढाऊ विमानांचे असेच झाले. काल ज्यांच्यावर देशाची मदार होती, ती आज भंगाराच्या वजनाने विकली गेली. ब्रिटनचे स्पिटफायर विमान वीस हजारांहून अधिक संख्येने तयार झाले होते. त्यांतील अगदी मोजकी आज आकाशात दिसतात. त्या मोजक्यांपैकी एका विमानाची ही कथा. ती जितकी यंत्राची आहे, तितकीच माणसांची आहे.

स्पिटफायरचे पहिले उड्डाण ५ मार्च १९३६ रोजी झाले. त्याचे शिल्पकार आर. जे. मिचेल हे पुढच्याच वर्षी, अवघ्या ४२ व्या वर्षी, कर्करोगाने निवर्तले. आपल्या विमानाने पुढे काय केले, हे पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. आपण ज्या विमानाविषयी बोलत आहोत, ते बर्मिंगहॅमजवळच्या कॅसल ब्रॉमिच येथील कारखान्यात १९४४ च्या आरंभी बांधले गेले. त्याचा क्रमांक एमएल ४०७. कारखान्यातून विमाने लष्करी तळांवर नेऊन पोहोचवण्याचे काम त्या काळी ज्या वैमानिकांकडे होते, त्यांत स्त्रियाही होत्या. २९ एप्रिल १९४४ रोजी हे विमान न्यूझीलंडच्या ४८५ क्रमांकाच्या तुकडीकडे आणून दिले, ते जॅकी सोरूर नावाच्या दक्षिण आफ्रिकन तरुणीने. लग्नानंतर त्या जॅकी मॉगरिज म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

पुढे पाच-सहा आठवड्यांतच, ६ जून १९४४ रोजी, मित्रराष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. त्या दिवशी जॉनी हूल्टन या न्यूझीलंडच्या वैमानिकाने एमएल ४०७ मधून एक जर्मन युंकर्स विमान पाडले. त्या किनाऱ्यावर त्या दिवशी पाडलेले ते पहिले शत्रुविमान, असे श्रेय त्याला दिले जाते. इतिहासाची पुस्तके हा प्रसंग अभिमानाने सांगतात, आणि सांगावा असाच तो आहे. परंतु त्या युंकर्समध्येही माणसेच बसली होती, त्यांच्याही घरी कोणी वाट पाहत होते, हे विसरून चालणार नाही. पुढे हेच विमान फ्रेंच, पोलिश, बेल्जियन आणि नॉर्वेजियन तुकड्यांकडे गेले. हे सारे वैमानिक असे, की ज्यांची मायभूमी जर्मनीने पादाक्रांत केलेली होती. युद्ध संपेपर्यंत एमएल ४०७ ने १७६ लढाऊ फेऱ्या केल्या.

विमानात जागा एकाच माणसाची होती. लढाऊ वैमानिक एकटाच जातो. परतला तर एकटाच परततो.

युद्धानंतर हे विमानही कदाचित भंगारात गेले असते. पण आयर्लंडच्या वायुदलाला आपल्या तरुण वैमानिकांना शिकवण्यासाठी दोन आसनांची विमाने हवी होती. तेव्हा पुढची बैठक साडेतेरा इंच पुढे सरकवून तिच्यामागे दुसरी बैठक बसवण्यात आली, आणि १९५१ मध्ये एमएल ४०७ आयर्लंडमध्ये दाखल झाले. जे यंत्र एकट्याने लढण्यासाठी बनले होते, त्यात आता गुरू आणि शिष्य एकत्र बसू लागले. १९६० नंतर त्याची उड्डाणे थांबली; काही वर्षे त्यावर जमिनीवरचेच शिक्षण दिले गेले. १९६८ मध्ये ते विकले गेले आणि अखेर स्कॉटलंडमधील स्ट्रॅथअलन येथील संग्रहालयात सुट्या भागांच्या स्वरूपात पडून राहिले.

तेथून ते १९७९ मध्ये घेतले निक ग्रेस या अभियंत्याने. पुढची पाच वर्षे त्यांनी या कामाला वाहिली. जुने विमान पुन्हा उडते करणे म्हणजे नुसता रंग देऊन चकाकी आणणे नव्हे. प्रत्येक भाग सुटा करावा लागतो, तपासावा लागतो. अॅल्युमिनियमचा पत्रा कुठे गंजला, सांगाड्याला कुठे बारीक चीर गेली, कोणता रिव्हेट सैल झाला, हे सारे पाहावे लागते. पंखांचा मुख्य आधार तर असा हवा की त्यावर माणसाचा जीव टांगता येईल. बारा सिलिंडरांचे, २७ लिटर क्षमतेचे मर्लिन इंजिन पुन्हा जुळवावे लागते. जे टिकते ते ठेवायचे, जे टिकत नाही ते नव्याने घडवायचे. निक यांनी मागच्या आसनावरचे छतही नव्या, बैठ्या आकाराचे बनवले. इतके बदलल्यावर विमान तेच राहते काय, असा प्रश्न कोणी विचारील. जुन्या घराची कौले बदलली, वासे बदलले, तरी आपण त्याला आजोबांचेच घर म्हणतो. तसेच काहीसे हे आहे.

१६ एप्रिल १९८५ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये विमान पुन्हा आकाशात झेपावले. चालक होते निक, आणि मागच्या आसनावर बसल्या होत्या त्यांच्या पत्नी कॅरोलिन.

साडेतीन वर्षांनी, ऑक्टोबर १९८८ मध्ये, निक मोटार-अपघातात गेले. कॅरोलिन यांच्या पदरी दोन लहान मुले होती आणि विमानघरात उभे होते नवऱ्याचे विमान. ते विकून टाकणे हा शहाणपणाचा मार्ग म्हणता आला असता. त्याबद्दल त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांना लहान विमाने चालवण्याचा अनुभव होता, परंतु स्पिटफायर हाताळणे वेगळे. तरीही त्यांनी ते शिकायचे ठरवले. १९९० मध्ये त्या पहिल्यांदा एकट्याने एमएल ४०७ घेऊन उडाल्या. मागच्या आसनावरून त्या पुढच्या आसनावर आल्या होत्या, आणि मागचे आसन रिकामे होते.

ते फार काळ रिकामे राहिले नाही. १९९४ मध्ये, पहिल्या सुपुर्दगीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, जॅकी मॉगरिज कॅरोलिन यांच्यासोबत त्याच विमानातून पुन्हा उडाल्या. दहा वर्षांनी, २००४ साली, जॅकी वारल्या, तेव्हा त्यांच्या अस्थी याच विमानातून विखुरण्यात आल्या. डिसेंबर २०२२ मध्ये खुद्द कॅरोलिन यांनाही मोटार-अपघातानेच ओढून नेले. पण तोवर त्यांचा मुलगाही स्पिटफायरचा वैमानिक झाला होता.

या कथेतून युद्धाचा गौरव शोधू नये. ज्यांच्यासाठी हे विमान जपले जाते, त्यांत परतलेले आहेत, तसेच न परतलेलेही आहेत; आणि आपण ज्यांना शत्रू म्हटले, त्यांचीही आठवण त्यात असावी. विमान लढण्यासाठी जन्मले, पण टिकले ते मात्र कोणीतरी त्यात दुसऱ्यासाठी जागा केली म्हणून. आपल्या घरातल्या जुन्या वस्तूंचे, जुन्या व्रतांचे आणि अर्धवट राहिलेल्या कामांचेही बहुधा असेच असते. जो करत होता तो जातो. मागे बसून पाहणारा पुढे सरकतो, आणि आपल्या मागची जागा पुढच्यासाठी मोकळी ठेवतो.