घोडी बांधून ठेवली की आजारी का पडते?

लोणी भापकर (ता. बारामती) : जिरायत पट्ट्यात घोडी म्हटलं की मेंढपाळांचा वाडा आठवतो. दिवाळीनंतर मेंढरं चराईला निघाली की कोकरं, भांडीकुंडी, सगळं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर. भीमा खोऱ्यातल्या या भीमथडी घोड्याची कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. जनावर चिवट खरं, पण ही प्रतिकारशक्ती नुसती रक्तातून येत नाही. रोजची चाल, मोकळी हवा आणि कळपाची सोबत यांचाही त्यात वाटा असतो.

खरी अडचण पावसाळ्यात येते. वाटचाल थांबते आणि घोडी पत्र्याच्या शेडात, ओल्या लिदीवर उभी राहते. मुताचा कुजलेला वास म्हणजे अमोनिया. नाकातून आत गेलेली धूळ आणि जंतू बाहेर ढकलणारं श्वासनळीचं नाजूक अस्तर त्याने खराब होतं. सकाळी शेडात खाली वाकून बघावं. आपले डोळे चुरचुरले, तर घोडीने रात्रभर तेच ओढलंय. बुरशी लागलेला कडबाही तितकाच वाईट. मोहोरकी आखूड बांधू नये. मान खाली गेली तरच छातीतला कफ निघतो. टेम्पोतून लांब नेतानाही मध्ये थांबून मान मोकळी करावी. घोडं कळपाचं जनावर आहे, एकटं पडलं की ताण घेतं आणि त्या ताणानेही प्रतिकारशक्ती घटते.

व्यायामाचं गणित सरळ आहे. रोजची बेताची चाल फायद्याची. एकदम दमछाक होईल इतकं पळवलं की पुढे काही काळ शरीराचा बचाव ढिला पडतो. चार महिने बसलेल्या घोडीवर पहिल्याच दिवशी पूर्ण ओझं लादणं म्हणून धोक्याचं. दोन-तीन आठवडे आधीपासून रिकामी चालवावी, मग थोडं थोडं ओझं वाढवावं. पाणी दिवसाला 25 ते 40 लिटर, उन्हाळ्यात जास्तच.

तरी धनुर्वात नुसत्या चिवटपणाने टळत नाही. खुरात खिळा घुसला तरी घोडी जाते, म्हणून लस हवीच : पहिला डोस, चार ते सहा आठवड्यांनी दुसरा, पुढे डॉक्टर सांगतील तसा. गंमत अशी, की सर्पदंशावरचं औषध घोड्याच्याच प्रतिकारशक्तीतून बनतं. पिंपरीत हाफकिनचं हे काम आहे.

घोडीचा ताप 101.5 अंश फॅरनहाइटच्या वर गेला, नाकातून घट्ट पिवळा शेंबूड आला किंवा अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या, तर ती आधी वेगळी बांधावी आणि तिची पाण्याची बादलीही वेगळी ठेवावी. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो. त्या जखमांना उघडा हात लावू नये, 1962 वर फोन करून पशुवैद्यक बोलवावेत.